लाईमनंतर अंगावर मुंग्या, आग आणि नसलेलं पाणी: या जाणिवा कुठून येतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. दीड वर्षापूर्वी तुम्हाला गोचीड चावली, मांडीवर लाल चट्टा पसरत गेला, लाईमचं, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून अंगात जाणाऱ्या बोरेलिया जंतूच्या आजाराचं, निदान झालं आणि तुम्ही 21 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं. चट्टा गेला, ताप गेला. काही आठवड्यांनी वेगळंच सुरू झालं. डाव्या नडगीवरून पाण्याचा थेंब ओघळल्यासारखं वाटतं, हात लावून पाहावं तर कातडी कोरडी ठाक. पोटऱ्यांवर मुंग्या चालतात. रात्री चादर मांडीला घासली की आग होते. उजव्या तळव्याखाली फोन थरथरतोय असं वाटतं. नसांची तपासणी नॉर्मल आली, रक्तातली लाईमची तपासणी मात्र अजून पॉझिटिव्ह. एका डॉक्टरांनी ताणामुळे होतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी जंतू दडून बसलाय, सहा महिने अँटिबायोटिक घ्या म्हणून सांगितलं. तुम्ही विचारताय: मला भास होतायत, की जंतू अजून अंगात आहे?

मी मज्जातंतूंच्या आजारांची डॉक्टर आहे आणि लाईम नेहमी आढळणाऱ्या भागात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या चित्रावरून माझा कल स्पष्ट आहे: बहुधा दोन्ही नाही. या जाणिवा खऱ्या आहेत, त्यांना शरीरात जागा आहे. आणि तरीही त्या जंतू जिवंत असल्याचा पुरावा नाहीत. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून रुग्ण ‘सगळं मनाचं आहे’ आणि ‘आणखी सलाईन लावा’ या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहतो.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही चार जाणिवांना चार वेगळे शब्द वापरलेत. आपल्याकडे यासाठी शब्दांची श्रीमंती आहे आणि दवाखान्यात आपण ती दाराबाहेर ठेवून येतो. डॉक्टर विचारतात ‘काय होतंय?’, आपण म्हणतो ‘पाय दुखतात’, आणि खरी माहिती तिथेच हरवते. मुंग्या येणं वेगळं, झिणझिण्या वेगळ्या. चुरचुरणं वेगळं, भगभगणं वेगळं. बधीर होणं म्हणजे जाणीव कमी होणं, आणि हुळहुळणं म्हणजे नको तेवढी जास्त होणं. चमक निघते ती क्षणभराची, ठणका मुक्काम करतो. शब्द नेमका असला की कोणत्या जातीचा तंतू बिघडलाय याचा अंदाज मला निम्मा तपासणीच्या आधीच येतो.

हुळहुळण्याचंच घ्या. एरवी चादरीचा स्पर्श वाहून नेणारे तंतू आणि दुखण्याचा निरोप नेणारे तंतू यांचे रस्ते वेगळे असतात. दुखण्याचे तंतू दीर्घकाळ चिडलेले राहिले की मज्जारज्जूतली पुढची पेशी इतकी संवेदनशील होते की साध्या स्पर्शाचा निरोपही ती दुखणं म्हणून वर पाठवते. चादरीने काही इजा केलेली नसते, पण मेंदूकडे पोचलेला निरोप आगीचाच असतो. तुम्हाला ते दुखतंय असं ‘वाटत’ नाही, ते खरोखर दुखतं.

आणि तो पाण्याचा थेंब. रुग्ण ही तक्रार फार संकोचाने सांगतात, बहुतेक वेळा उठता उठता, दारापाशी. कारण ती ऐकायला सगळ्यांत विचित्र वाटते. खरं तर तिचं स्पष्टीकरण सोपं आहे. माणसाच्या त्वचेत ‘ओलं’ ओळखणारा असा स्वतंत्र रिसेप्टर, म्हणजे जाणीव टिपणारा भागच नाही. थंडावा आणि सरकता स्पर्श असे दोन निरोप एकदम आले की मेंदू त्यांची बेरीज करून ‘पाणी’ असा निष्कर्ष काढतो. थंडावा नेणारे बारीक तंतू आपोआप पेटायला लागले, शेजारी स्पर्शाचीही थोडी कुजबुज झाली, की मेंदू नेहमीचीच बेरीज करतो. त्याला काय माहीत नडगी कोरडी आहे. माझ्या एका रुग्णाने पावसाळी बूट गळतायत म्हणून ते दोनदा बदलले, तिसऱ्या जोडानंतर माझ्याकडे आले.

आता नसांची तपासणी नॉर्मल का आली ते. नर्व्ह कंडक्शनमध्ये विजेचा हलका झटका देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. ही तपासणी जाड तंतूंची आहे, ज्यांत निरोप सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो. आग, थंडावा, खाज, मुंग्या हे सगळं ज्या बारीक तंतूंचं काम आहे, त्यांतल्या सर्वांत बारक्यांत तो सेकंदाला जेमतेम 1 मीटर चालतो. ते या यंत्राला दिसतच नाहीत. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘जाड तंतू ठीक आहेत’ एवढाच. ‘नसा ठीक आहेत, म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही’ असा अर्थ काढणं चूक आहे, आणि ही चूक मी खूपदा पाहिली आहे.

बारीक तंतू पाहायचे असतील तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, सुमारे 10 सेंटिमीटर वर, त्वचेचा 3 मिलिमीटरचा तुकडा काढतात. जागा बधीर करतात, बहुधा टाकाही लागत नाही. प्रयोगशाळेत विशेष रंग देऊन वरच्या थरातली तंतूंची टोकं मोजतात. उपचारानंतरही त्रास राहिलेल्या लाईमच्या रुग्णांमध्ये अशी टोकं कमी झालेली आढळल्याचा एक अभ्यास 2019 मध्ये आला. तो छोटा होता, दहाच माणसांचा, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभा करू नये. शिवाय टोकं कमी आहेत एवढंच ही तपासणी सांगते, ती लाईमनेच गेली की आणखी कशाने, हे सांगत नाही. तरीही ज्या रुग्णाला वर्षभर ‘तुमच्या मनात आहे’ असं ऐकवलं गेलंय, त्याच्या हातात कमी भरलेला आकडा आला की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलंय. बायोप्सी सगळ्यांनाच लागते असं नाही. कापसाचा बोळा, टाचणी आणि गार धातू घेऊन नीट तपासलं तरी पुष्कळ कळतं. मी रुग्णाच्या हातात स्केच पेन देते आणि त्याच्या स्वतःच्या पायावर सीमा आखायला सांगते: इथपर्यंत गार कळतं, इथून पुढे कळत नाही. मोज्यासारखी सीमा आली तर एक विचार, एकाच पट्ट्यात आली तर दुसरा, आणि ठिपक्या-ठिपक्यांत आली तर तिसरा.

पट्ट्यावरून आठवलं. लाईममध्ये एक अवस्था अशी आहे जिथे त्वचेची ही जाणीव थेट चालू संसर्गाची असते आणि तिथे अँटिबायोटिक द्यायलाच हवं. तुमच्यापेक्षा ती वेगळी कशी दिसते ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या अवस्थेत असू शकेल. चाव्यानंतर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांना सूज येते. एका बाजूला, पट्ट्यासारखी, जाळणारी किंवा भोसकणारी वेदना. रात्री वाढते, इतकी की माणूस अंथरुणातून उठून येरझाऱ्या घालतो. कातडीवर काहीच दिसत नाही, पण सदरा लागला तरी सहन होत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत.

असे एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे हृदयाचे दोन ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी झालेली होती. डाव्या बरगड्यांखाली आग, रात्री दोन वाजता हमखास. कुणीतरी नागीण उठणार म्हणून वाट पाहायला सांगितलं होतं, नागीण काही उठली नाही. सदरा काढायला सांगितला तर त्यांनी तो दोन बोटांनी अंगापासून लांब धरून काढला. पोटाची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित फुगलेली होती. ती चरबी नव्हती, हर्नियाही नव्हता. त्या पट्ट्यातले स्नायू सैल पडले होते. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. औषध सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ते सलग झोपले.

हे चित्र नवं नाही. फ्रान्समध्ये गारां आणि बुजादू या डॉक्टरांनी 1922 मध्ये गोचीड चावल्यानंतरच्या अशा वेदनेचं वर्णन केलं, जर्मनीत बानवार्थ यांनी 1941 मध्ये, आणि आजही याला बानवार्थ सिंड्रोम म्हणतात. लाईम हे नाव तर पुढे 1975 च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या लाईम गावावरून आलं. तिथल्या पॉली मरे या गृहिणीने आपल्या घरातल्या आणि शेजारच्या आजारांची तपशीलवार टिपणं ठेवली होती, ती घेऊन डॉक्टरांच्या मागे लागली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. जंतू सापडला तो 1981 मध्ये, विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना, गोचिडीच्या आतड्यात. म्हणजे एका बाईच्या वहीतल्या नोंदी जंतूच्या सहा वर्षं पुढे होत्या. तुमच्या नोंदींना कुणी हसलं तर हे लक्षात ठेवा.

चावा कुठे झाला हेही विचारायला हवं. युरोपात याच कुळातले दुसरे जंतू आहेत. त्यांपैकी बोरेलिया गारिनी नसांच्या मागे जास्त लागतो आणि बोरेलिया अफझेलाय कातडीच्या. अफझेलायमुळे कधी कधी वर्षानुवर्षांनी हातापायाची कातडी निळसर-लाल होते, आधी सुजते, मग कागदासारखी पातळ पडते, आतल्या शिरा दिसायला लागतात. त्याच जागी बधिरपणा, हुळहुळणं आणि हाडाच्या उंचवट्यावर जरा टेकलं तरी कळ. लोक याला रक्ताभिसरणाचा दोष समजून मोजे घालत बसतात. तुमच्या पायाचा रंग किंवा पोत बदलला असेल आणि चावा युरोपातला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. तो चालू संसर्ग असतो आणि औषधाने आटोक्यात येतो.

तुमच्या बाबतीत मात्र कातडी दिसायला ठीक आहे, त्रास दोन्ही पायांत आहे, पट्टा नाही, अशक्तपणा नाही, आणि उपचार पुरे झालेत. आता त्या पॉझिटिव्ह तपासणीबद्दल. रक्ताची नेहमीची तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधते. ती संसर्ग संपल्यावरही वर्षानुवर्षं राहतात, 10 ते 20 वर्षांनीही सापडलेली आहेत. तेव्हा उपचारानंतर पुन्हा पुन्हा ही तपासणी करून ‘अजून पॉझिटिव्ह’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. उलट बाजूही खरी आहे: चाव्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून पसरणारा चट्टा दिसला की तपासणीची वाट न पाहता उपचार करतात. आयजीएम म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं; तपासणीत फक्त त्यांचीच पट्टी (खूण) पॉझिटिव्ह आली तर ती महिन्याभरानंतर भरवशाची नसते. अनेकांच्या ‘जुनाट लाईम’च्या फायलीत नेमकी तीच पट्टी असते.

आता सहा महिन्यांच्या अँटिबायोटिकचा मुद्दा, आणि इथे मी आडपडदा ठेवणार नाही. ते घेऊ नका. हा प्रश्न नीट तपासला गेलाय. अमेरिकेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रुग्णांना 30 दिवस शिरेतून आणि पुढे 60 दिवस तोंडाने औषध दिलं, तुलनेच्या गटाला तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नेदरलँड्समध्ये 2016 च्या चाचणीत सगळ्यांना आधी दोन आठवडे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देऊन नंतर 12 आठवडे लांबवलेला उपचार विरुद्ध निष्क्रिय औषध अशी तुलना केली, तिथेही जास्तीच्या औषधाने आयुष्य सुधारलं नाही. दोन्ही गटांतल्या बऱ्याच लोकांना थोडं बरं वाटलं, हे महत्त्वाचं आहे. ‘मला औषधाने फरक पडला होता’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण तो फरक औषधामुळेच पडला असंही त्यावरून ठरत नाही. तोटे मात्र नक्की आहेत. शिरेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या नळीतून रक्तात जंतू जातात, गुठळ्या होतात, आतड्यात क्लॉस्ट्रिडियम या जंतूमुळे जुलाब लागतो. यातून माणसं दगावलेली आहेत.

नसांच्या लाईमला लागणारा उपचारही साधारण 14 ते 21 दिवसांचाच असतो, डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. तो तुम्ही घेतला आहे.

मग दीड वर्षाने त्रास का? याचं माझं उत्तर, आजच्या समजुतीप्रमाणे, असं: संसर्गाच्या आणि सुजेच्या काळात बारीक तंतूंची टोकं दुखावली गेली असावीत. दुखावलेलं आणि पुन्हा वाढू पाहणारं टोक कुणी स्पर्श न करताही स्वतःहून निरोप पाठवत राहतं. तंतू वाढतात तेही दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच्या गतीने, आणि सगळेच पुन्हा जागेवर पोचतात असं नाही. त्यात झोप मोडली की मज्जारज्जूचा आणि मेंदूचा चाळणीचा गुण कमी होतो, जे निरोप एरवी वाटेत गाळले जातात ते सगळे वर पोचतात. रात्री त्रास वाढतो त्याचंही एक कारण हेच: दिवसभर चालणं, बोलणं, कपड्यांचा स्पर्श यांच्या गर्दीत ही कुजबुज दबते, निजानीज झाली की तीच मोठ्याने ऐकू येते.

तुमचं थरथरणं मात्र या यादीत मी आंधळेपणाने घालणार नाही. तळव्यातले छोटे स्नायू खरोखर फडफडतात का ते पाहा. थरथर जाणवेल तेव्हा पाय उजेडात धरा आणि पायाच्या कमानीकडे मिनिटभर बघत राहा. कातडीखाली हालचाल दिसली तर तो स्नायूचा प्रकार आहे, सहसा निरुपद्रवी, पण डॉक्टरांना सांगायचा. काहीच दिसलं नाही तर थरथरीची जाणीव नेणाऱ्या तंतूचा.

एका गोष्टीवर मला जास्त थांबायचं आहे, कारण इथेच बरा होऊ शकणारा दोष निसटतो. लाईम झालं होतं एवढ्यावरून पुढचं सगळं लाईमच्या खात्यावर टाकलं जातं. मुंग्या आणि आग यांची इतर कारणं लाईमपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. रक्तातली साखर, अगदी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची सुद्धा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सेलिअ‍ॅक, शोग्रेन (डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा प्रतिकारशक्तीचा आजार), हेपटायटिस सी, एचआयव्ही, दारू. या तपासण्या एकदा झाल्याच पाहिजेत. बी-12 काठावर आलं तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड मोजून खात्री करून घ्यावी.

आणि घरातल्या गोळ्या. एक बाई माझ्याकडे लाईमनंतरच्या वाढत जाणाऱ्या बधिरपणासाठी आल्या. येताना सगळ्या बाटल्या घेऊन या म्हटलं होतं, त्या पिशवी भरून घेऊन आल्या. टेबलावर ओळीने मांडल्या आणि आम्ही दोघींनी प्रत्येक लेबल वाचलं. तीन वेगवेगळ्या ‘नसांसाठी चांगल्या’ गोळ्यांमध्ये मिळून बी-6 दिवसाला 200 मिलिग्रॅम जात होतं. बी-6 कमी पडलं तर नसा बिघडतात, आणि जास्त झालं तरी बिघडतात. अमेरिकेत दिवसाची वरची मर्यादा 100 मिलिग्रॅम धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ती 12 वर आणली. गोळ्या थांबवल्यावर पुढचे काही महिने सावकाश सुधारणा होत गेली. त्यांना लाईम झालं होतं हे खरंच होतं, पण त्यांचे पाय बधीर केले होते ते त्या पिशवीने. जुनाट लाईमच्या नावाखाली मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल किंवा सिप्रोफ्लोक्सासिनसारखी औषधं लांबवली जातात, त्यांनीही नसा दुखावतात. त्रास औषधाने होतो, तो जंतूचा समजला जातो, आणि आणखी औषध दिलं जातं. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत औषधांची तारीखवार यादीच मागते.

डॉक्सिसायक्लिनचंही एक सांगायला हवं, तुमच्यासाठी नाही तर जे आत्ता ते घेतायत त्यांच्यासाठी. या औषधावर असताना उन्हात गेलं की हाताची मागची बाजू, नाक, कान भाजल्यासारखे होतात. कधी लाली दिसण्याआधीच बोटांत चुरचुर आणि मुंग्या सुरू होतात. लोक घाबरतात की लाईम नसांत गेला. सावलीत जा, अंग झाका, डॉक्टरांना कळवा, औषध मनाने थांबवू नका. उपचाराच्या पहिल्या दिवशी थंडी-ताप येऊन अंग ठणकलं तर ती जंतू मरतानाची प्रतिक्रिया असू शकते, पण ती दिवसभरात ओसरते. आठवड्यानंतर, महिन्यानंतर होणाऱ्या प्रत्येक त्रासाला ‘हर्क्स’ (याच प्रतिक्रियेचं प्रचलित नाव) म्हणणं बरोबर नाही.

मुंग्यांबद्दल आणखी थोडं, जरा जपून. आपण सहज ‘मुंग्या आल्या’ म्हणतो, तेव्हा मुंग्या नाहीत हे माहीत असतं. पण महिनोन्‌महिने झोप नसलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता कातडीखाली काहीतरी खरंच वळवळतंय असं वाटू लागतं. मग तो खाजवतो, चिमट्याने कोरतो, जखमेत धागे सापडतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा रुग्णांचा मोठा अभ्यास करून 2012 मध्ये प्रसिद्ध केला. धागे बहुतांशी कापडाच्या कापसाचे निघाले, संसर्गाचं कारण सापडलं नाही. ही माणसं खोटारडी नव्हती. मुळातली वळवळ खरी होती, तिचा अर्थ चुकला होता. तुम्ही तिथे पोचलेला नाही आहात. पण नखांच्या खुणा दिसायला लागल्या तर उशीर न करता सांगा, कारण त्या टप्प्यावरही मदत होते, फक्त ऐकणारा डॉक्टर लागतो.

उपचारांत मी बहुतेकदा रात्रीपासून सुरुवात करते. नॉरट्रिप्टिलिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम झोपण्याआधी, आणि सावकाश वाढवत जायचं. या गोळ्या नैराश्यासाठी निघाल्या, त्यामुळे चिठ्ठी पाहून घरचे विचारतात, ‘म्हणजे मनाचंच आहे ना?’ नाही. नसांच्या दुखण्यावर त्या याहून कितीतरी कमी मात्रेत काम करतात. हृदयाची लय बिघडलेली असेल, काचबिंदू असेल किंवा लघवीला अडत असेल तर त्या चालत नाहीत. लाईममध्ये हृदयाला त्रास झाला असेल तर आधी ईसीजी. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन हे पुढचे पर्याय. गुंगी येते, पहिल्या आठवड्यात गाडी चालवू नका, आणि यांतलं काहीही एकदम बंद करू नका. एकाच जागी आग असेल तर बधीर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी. औषध चालतं की नाही हे चार-सहा आठवड्यांआधी ठरवू नका. त्रास निम्म्यावर आला तर मी त्याला यश म्हणते, आणि हे पहिल्याच भेटीत सांगते, म्हणजे पुढे निराशा होत नाही.

सोबत कातडीला पुन्हा शिकवावं लागतं. दिवसातून तीनदा, पाचेक मिनिटं, हुळहुळणाऱ्या जागेच्या कडेपासून सुरुवात करून आत यायचं. आधी रेशमी कापड, ते सहन झालं की सुती, मग पंचा. स्वतःच्या हाताने, बघत बघत. पहिले आठ दिवस कंटाळवाणे जातात. पाय गारठवून बधीर करण्याचा मोह टाळा, बर्फाने आधीच दुखावलेल्या कातडीला इजा होते. गार-गरम नीट कळत नसेल तर अंघोळीचं पाणी पायाने तपासू नका, कोपराने तपासा.

खालीलपैकी काही झालं तर मात्र भेटीची वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, पाय उचलता न येणं, बधिरपणा तासा-दिवसांत वर चढत जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा बसण्याच्या जागी जाणीव नसणं, तापासोबत मान ताठणं, चक्कर येऊन पडणं किंवा नाडी फार मंद होणं.

डॉक्टरांकडे जाताना एक पानच न्या, जास्त नको. पायाचं चित्र काढून जाणिवा तुमच्याच शब्दांत, जिथल्या तिथे लिहा. प्रत्येकीशेजारी ती कधी सुरू झाली आणि कोणत्या वेळी वाढते ते. खाली गोळ्यांची यादी, मात्रेसह, ‘पौष्टिक’ म्हणून घेतलेल्यासुद्धा. तीस पानांची फाईल समोर आली की दहा मिनिटांच्या भेटीत कुणीच काही वाचत नाही.

पूर्ण बरं होईल का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या अनुभवात बहुतेकांचा त्रास महिन्या-महिन्याने विरळ होत जातो. सहसा आधी हुळहुळणं कमी होतं, मग आग, आणि मुंग्या सगळ्यांत चिवट. तो थेंब अधूनमधून वर्षांनंतरही पडतो, पण तोवर त्याची भीती गेलेली असते, दचकून हात जात नाही. काहींच्या पायात थोडा बधिरपणा कायम राहतो.

आणि तुम्ही शेवटी, जवळजवळ कंसात लिहिलेला प्रश्न. सहा वर्षांची मुलगी रात्री गोष्ट ऐकताना तुमच्या पायावर हात फिरवते, तुम्ही पाय मागे घेता, तिला वाईट वाटतं. तिला हात लावू नको म्हणून सांगू का? सांगू नका. या प्रकारात सरकता, हलका स्पर्श आग करतो. स्थिर, दाबून ठेवलेला हात बहुतेकांना चालतो, काहींना तर बरा वाटतो. तिला सांगा, फिरवू नको, नुसता घट्ट धरून ठेव. आज रात्री आधी पोटरीवर, जाड पायजम्यावरून धरायला सांगून पाहा.